संबंधित व्यक्ती

दुपारचा दीड वाजला होता. दवाखान्याचं शटर अर्धं खाली ओढलेलं, डबा उघडलेला, आणि मी एका हाताने पोळी मोडत दुसऱ्या हाताने फोन बघत होते. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. आमच्या घराच्या वरची खोली आम्ही ज्या ॲपवरून पाहुण्यांना देत होतो, त्या ॲपचा मेसेज आला होता. पाहुण्यांनी रिव्ह्यू लिहिलाय. उघडला, तर पाचातले तीन स्टार.

मजकूर इंग्रजीत होता, चार-पाच ओळींचा. खोली स्वच्छ आहे. समुद्र जवळ आहे. बाईंचा स्वभाव चांगला आहे. पण जिन्याच्या पायरीवर एक म्हातारा माणूस दिवसभर बसलेला असतो आणि येता-जाता बघत राहतो. आम्ही तिघी मुली होतो, आम्हाला अवघडल्यासारखं झालं. एकट्या बायकांनी विचार करून बुक करावं.

तो म्हातारा माणूस म्हणजे माझे सासरे.

पहिल्यांदा राग आला. वाटलं, ज्याच्या घरात राहिलात त्याच्याबद्दल असं लिहिता? पण मी डबा बंद केला, हात धुतले, खुर्चीवर परत येऊन पुन्हा वाचलं, तेव्हा राग फार टिकला नाही. माझं माहेर मीरा रोडच्याच हाटकेश भागातलं. शाळेत जायच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना छोट्या कारखान्यांचे गाळे होते. दुपारच्या सुट्टीत गाळ्यांच्या दारात माणसं बसलेली असायची. ती बोलायची नाहीत काही, नुसती बघायची. ते बघणं मी दहा वर्षं पाठीवर घेऊन शाळेत गेले. त्या तिघी खोटं लिहीत होत्या असं मला म्हणता येईना.

आणि बाबांचंही मला माहीत होतं. समुद्रकाठच्या तारोडी गावातल्या आमच्या घराचा जिना बाहेरून आहे, आणि त्याच्या तिसऱ्या पायरीवर ते कित्येक वर्षं बसत आले होते. होडीवर जायचे तेव्हा कामाची अवजारं नीट करायला बसायचे, होडी विकल्यावर नुसतेच. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. समोरून कुणी आलं की कोण आहे ते कळेपर्यंत ते बघत राहतात. कुत्रं आलं तरी बघतात. एकदा मीच नवीन साडी नेसून बसमधून उतरले तर माझ्याकडे फाटकापासून जिन्यापर्यंत असे बघत होते, की मी म्हटलं, "बाबा, मी आहे." तर म्हणाले, "हां, मंग बरं."

हे सगळं त्या मुलींना कोण सांगणार?

वरची खोली खरं तर माझ्या धाकट्या दिरासाठी बांधली होती. तो कुटुंब घेऊन वसईला गेला, खोली रिकामी राहिली. नवऱ्याच्या एका मित्राने ॲपचं सुचवलं. सुरुवातीला मला गंमत वाटायची. बोरिवलीची कुटुंबं यायची, मीरा रोडची नवी लग्न झालेली जोडपी यायची, कुणी शूटिंगसाठी आलेलं असायचं. सगळ्यांना समुद्र बघायचा असायचा आणि ताजी मासळी खायची असायची. मग मला रिव्ह्यूचा नियम कळला. पाहुणा आपल्याबद्दल लिहितो, आपण पाहुण्याबद्दल लिहायचं. दोघांनी लिहिल्याशिवाय एकाला दुसऱ्याचं दिसत नाही. दोन आठवड्यांत लिहिलं नाही की संपलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, इथे चार म्हणजे चांगले नव्हेत. शाळेत पाचापैकी चार मिळाले की माझी आई हातावर साखर ठेवायची. ॲपवर चार मिळाले की कंपनीचा मेसेज यायचा, तुमच्या सेवेत सुधारणेला वाव आहे.

आम्ही सुधारत गेलो. कुणीतरी लिहिलं, सुक्या मासळीचा वास येतो. बोंबील वाळवायचे बांबू आम्ही चुलत सासऱ्यांच्या परड्यात नेऊन उभे केले. कुणी लिहिलं, कोंबडा पहाटे चारला ओरडतो. कोंबडा नणंदेकडे गेला. कुणी लिहिलं, दारात चपलांचा ढीग असतो. मी चपलांसाठी रॅक आणला. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढंच तर आहे. त्यामुळे बाबांबद्दलचा रिव्ह्यू आला तेव्हा मी आणि नवरा दोघांनीही, न ठरवता, त्याच रांगेत तो धरला.

संध्याकाळी मी त्याला फोन दाखवला. तो भाईंदरला एका शीतगृहात सुपरवायझर आहे, त्याचे हात नेहमी गार असतात. त्याने दोनदा वाचलं.

"बाबांना सांगायला पाहिजे," तो म्हणाला.

"सांग मग."

"मी कसं सांगू? बाप आहे माझा."

"मग मी कशी सांगू? सासरा आहे माझा."

"तू दिवसभर लोकांशी बोलत असतेस. तुला जमतं."

मला जमतं, हे खरं होतं. दवाखान्यातही हेच माझं काम आहे. पेशंट बाहेर आला की त्याच्यासमोर मोबाईल धरायचा आणि हसून म्हणायचं, "सर, फाइव स्टार दे दीजिए ना, प्लीज." डॉक्टरांची तशी सक्त ताकीद आहे. एकदा एक गुजराती काका तोंडात कापूस धरून म्हणाले होते, "बेन, दर्द तो गया नहीं, स्टार किस बात का दूँ?" मी तरी हसत उभी राहिले. त्यांनी चार दिले. डॉक्टरांनी मला आत बोलावून विचारलं, चार कसे काय?

तर रविवारी सकाळी मीच गेले. बाबा तिसऱ्या पायरीवर ग्लासातला चहा घेऊन बसले होते. मी दोन पायऱ्या खाली उभी राहिले. वाटेत मी वाक्य जुळवलं होतं, की बाबा, पाहुण्यांमध्ये मुली असतात, त्यांना संकोच होतो, तुम्ही जरा बाजूला बसाल का. तोंडातून भलतंच निघालं.

"बाबा, जिना रंगवायचाय. थोडे दिवस मागच्या बाजूला बसाल का?"

"कवा रंगवनार?"

"आजपासूनच. घासायला लागेल ना आधी."

"कंचा रंग?"

हे मी ठरवलं नव्हतं. "निळा."

"निळा नको. पायांची माती दिसल. गेरवा लाव."

"बरं."

त्यांनी चहा संपवला, घडी घातलेलं गोणपाट उचललं, रेडिओ घेतला, तंबाखूची डबी घेतली आणि घराला वळसा घालून मागे गेले. मागे पाण्याची टाकी आहे, कपडे धुवायचा दगड आहे आणि समोर शेजाऱ्यांची भिंत आहे. दगडाशेजारी त्यांनी गोणपाट पसरलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. भिंतीकडे तोंड करून बसायचं की टाकीकडे, याचा त्यांनी थोडा विचार केला, आणि टाकीकडे तोंड करून बसले.

खोटं बोलले होते, म्हणून पुढच्या रविवारी गेरूच्या रंगाचा डबा आणावा लागला. मी आणि नवऱ्याने मिळून अख्खा जिना रंगवला. माझी कंबर दोन दिवस धरली होती. रंग वाळला. बाबा पुढे आले नाहीत आणि आम्हीही बोलावलं नाही. तसंच बरं होतं आम्हाला.

राहिलं होतं रिव्ह्यूला उत्तर देणं. उत्तनकडची एक बाई आहे, तिच्या तीन खोल्या ॲपवर आहेत, आमच्यासारख्या यजमानांच्या ग्रुपमध्ये तिचा शब्द चालतो. तिला विचारलं. ती म्हणाली, "ताई, वाद घालायचा नाही. उत्तर त्या पोरींसाठी लिहायचंच नाही, पुढच्या गिऱ्हाइकासाठी लिहायचं. थांबा, पाठवते तुम्हाला." तिने इंग्रजीत तयार मजकूर पाठवला. मी त्यात एक-दोन शब्द बदलले आणि टाकला. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. संबंधित व्यक्तीशी आम्ही बोललो आहोत. असं पुन्हा होणार नाही.

बसमध्ये उभी राहून टाकला. दुसऱ्यांदा वाचलासुद्धा नाही.

त्या मुलींबद्दल मी आधीच लिहून मोकळी झाले होते. पाच स्टार, अतिशय सुस्वभावी पाहुण्या, पुन्हा केव्हाही याव्यात. प्रत्यक्षात त्यांनी दोन टॉवेलांवर केसांचा रंग पाडला होता आणि एसी सुरू ठेवून दिवसभर किनाऱ्यावर गेल्या होत्या. पण तसं लिहिलं तर पुढचे पाहुणे म्हणतात, ही बाई कटकटी दिसते. म्हणून सगळ्यांना पाच. दीड वर्षात मी एकाही पाहुण्याला पाचाच्या खाली दिलं नव्हतं. एकाने कमोडमध्ये नारळाची शेंडी टाकली होती, त्यालाही.

दोन-अडीच महिने गेले. स्टार पुन्हा वर चढले. एक दिवस बुकिंगच्या आधी एका बाईचा मेसेज आला. हिंदीत विचारलं होतं, "रिव्यू में जो अंकल थे, वो अभी भी हैं क्या?"

मी तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते. बाबा मागे दगडावर आरसा टेकवून दाढी करत होते. गालाला लावलेला फेस मला खिडकीतून दिसत होता.

मी लिहिलं, "नहीं."

पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय लिहिलंय. जेवताना मी बाबांच्या ताटाकडे बघितलं नाही. नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो नुसता "हं" म्हणाला. आम्ही दोघं तेव्हा इतके दमलेले असायचो. सकाळी बसने भाईंदर, पुलावरून पूर्वेला, तिथून रिक्षाने बेव्हर्ली पार्क. संध्याकाळी तेच उलटं. घरी आल्यावर वरच्या चादरी, टॉवेल, सिंकमधली भांडी. एखाद्या शब्दाचा विचार करत बसायला वेळ कुठला? पण हे मी आता सांगते. तेव्हा तो शब्द तसाच अंगात राहिला, काट्यासारखा.

मग नाशिककडचं एक जोडपं आलं. दोघंही निवृत्त शिक्षक. बाईंना गुडघ्याचा त्रास होता, त्या वर झोपून असायच्या. गृहस्थांना बोलायला माणूस हवं होतं. पहिल्याच सकाळी ते घराला चक्कर मारत मागे गेले आणि त्यांना बाबा सापडले. दोन दिवस दोघांचं जे काही चाललं होतं! भरती, ओहोटी, पापलेट का मिळत नाही, नाशिकची द्राक्षं. बाबा इतकं बोलतात हे मी विसरले होते.

दुसरा दिवस रविवार होता. मी खिडकीशी कोलंबी सोलत बसले होते. सर म्हणाले, "दादा, तुमचं घर चांगलंच प्रसिद्ध आहे बरं का. किती लोकांनी लिहिलंय बघा."

"काय लिव्हलंय?"

"वाचून दाखवतो ना. हे बघा, बोरिवलीचे आहेत कुणी. म्हणतात, बाहेर बसलेल्या आजोबांनी आम्हाला ओहोटीची वेळ सांगितली, आमच्या मुलांना खेकडे दाखवले."

बाबा हसले. "हां. दोन पोरं व्हती. लई पलायची."

"हे आणखी एक. आजोबांमुळे घरच्यासारखं वाटलं. आणि हे, पायरीवर एक म्हातारा..."

सर थांबले. मी कोलंबी खाली ठेवली.

"वाचा की," बाबा म्हणाले.

"नको, हे असंच आहे काहीतरी."

"वाचा हो. माझंच हाय ना?"

सर भले माणूस होते, आयत्या वेळी दुसरं काही रचून सांगणं त्यांना जमलं नाही. त्यांनी वाचलं. एकेक ओळ मराठीत करून, आवाज खाली आणत वाचलं. आणि खाली माझं उत्तर होतं, तेही वाचलं. सवयीने, धडा संपेपर्यंत वाचावा तसं.

मग बाबांनी विचारलं, "संबंधित व्यक्ती म्हंजे?"

"म्हणजे, ज्यांच्याबद्दल आहे ते."

"म्हंजे मी."

"हल्लीच्या मुली, दादा, काहीही लिहितात. मनावर घेऊ नका."

"न्हाय न्हाय," बाबा म्हणाले. "पोरी खरं बोलल्या. मी बघत व्हतो. त्यातली एक माझ्या भाचीसारखी दिसत व्हती. मना वाटलं तीच आली का काय. म्हून बघत व्हतो. एका डोल्यानं लवकर उमगत न्हाय."

सर लगेच उठले, बाईंना चहा लागेल म्हणाले, आणि वर गेले. मी खिडकीतून बाजूला झाले. माझ्या हातांना कोलंबीचा वास होता, ते धुवावेत हेही सुचलं नाही.

जेवणं झाल्यावर बाबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. तांब्या माठावर उपडा ठेवला आणि तिथेच उभे राहिले.

"तू ऐकलंस ना गो मघा?"

"हो बाबा."

"त्यात लिव्हलंय, संबंधित व्यक्तीशी बोललोत." ते शब्द त्यांनी नीट पाठ केले होते. "कवा बोललीस? तू तं रंगाचं बोललीस."

मुलींनी काय लिहिलं त्याचं त्यांना एवढं काही वाटलं नव्हतं. आम्ही जगाला सांगितलं की बोललो, आणि त्यांच्याशी मात्र बोललो नाही, हे त्यांना लागलं होतं.

"चुकलं बाबा."

"चुकलं तं चुकलं. पन बोलायचं. मी काय ऐकलं नसतं? पोरींना लाज वाटते, बाबा तुमी मागं बसा, एवढं म्हनली असतीस तं मी उठलो असतो. रंगाचा डबा पन वाचला असता."

"हो."

ते वळले, मग दारात थांबले. "किती दिलं त्यांनी?"

"तीन. पाचातले."

"म्हंजे पास झालो," ते म्हणाले. "आनि तू त्यांना?"

"पाच."

"पाच? का?"

"द्यावेच लागतात बाबा."

त्यांनी मान हलवली, होकाराची नाही, नुसतीच. आणि मागे जाऊन दगडाजवळ बसले.

सर आणि बाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. सरांनी जाताना माझ्या हातात द्राक्षांची पिशवी दिली आणि म्हणाले, "माझ्याकडून आगाऊपणा झाला." मी म्हटलं, तुमच्याकडून नाही. त्यांनी रिव्ह्यू काही लिहिला नाही. मीही त्यांच्याबद्दल लिहिला नाही.

नंतरचे दोन-तीन दिवस मी दवाखान्यातून ॲपच्या मदत विभागाशी चॅट करत होते. पेशंट आला की थांबायचं, गेला की पुन्हा. पलीकडचा माणूस फार नम्र होता. आपली भावना आम्ही समजू शकतो, असं त्याने चारदा लिहिलं. पण त्या रिव्ह्यूत शिवीगाळ नाही, धमकी नाही, म्हणून तो काढता येत नाही. मी म्हटलं, मला रिव्ह्यू नाही काढायचा, मला माझं उत्तर काढायचंय, त्यातलं एक वाक्य खोटं आहे. तो म्हणाला, उत्तर एकदा टाकलं की बदलता येत नाही. मग शेवटी त्याने विचारलं, आजच्या संभाषणाबद्दल आपण मला किती स्टार द्याल? मी पाच दिले. त्याची काय चूक?

घराच्या वर्णनात मात्र हवं ते लिहिता येत होतं. मी लिहायचं ठरवलं, आणि या वेळी आधी बाबांना वाचून दाखवलं. "घराच्या जिन्यावर आमचे वडील बसतात. ते अनुभवी कोळी आहेत आणि तिथे जाळी दुरुस्त करतात."

"जाळी कवा दुरुस्त करतो मी आता? होडी इकली त्याला किती वरसं झाली?"

"मग काय लिहू?"

"लिव्ह, बसतो."

"नुसतं बसतो?"

"मंग काय? बसतोच ना. आनि लिव्ह, एका डोल्यानं कमी दिसतंय. म्हंजे पोरींना भ्यायला नको."

तसंच लिहिलं. इंग्रजीत, माझ्याच शब्दांत. हे त्यांचं घर आहे, ते पायरीवर बसतात, त्यांना कमी दिसतं म्हणून ते थोडा वेळ बघतात. नवरा म्हणाला, "लोक पळतील." काही पळालेही असतील, ते कळत नाही. काही आले. त्यांनी वाचलेलं होतं, आणि ते बॅगा खाली ठेवायच्या आधीच विचारायचे, "वो दादाजी कहाँ हैं?" मी बाबांना मागून बोलावून आणायचे. ते पायरीवर बसायचे. पाहुणे शेजारी बसून फोटो काढायचे. एकाने लिहिलं, अस्सल कोळी घर, अस्सल आजोबा, पाच स्टार.

मला वाटलं होतं की बाबा आता पूर्वीसारखे पुढे बसायला लागतील. तसं झालं नाही. शनिवारी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे, टोपी-बिपी नीट केलेली, आणि विचारायचे, "आज पाव्हने हायत का? बसू का पुढं?"

पहिल्यांदा मी म्हटलं, "बसा ना बाबा." दुसऱ्यांदा म्हटलं, "विचारता कशाला? तुमचंच घर आहे." ते "बरं" म्हणाले. पुढच्या शनिवारी पुन्हा आले. "बसू का पुढं?" त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ते कामासारखं घेतलं होतं. सुनेच्या धंद्यात कधी पुढे बसायचं आणि कधी मागे, ते सुनेला माहीत, एवढंच.

चौथ्या-पाचव्या शनिवारी त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्या हातात वरच्या खोलीच्या चादरींचा गठ्ठा होता. तो मी तसाच जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावरच बसले. उठावंसं वाटेना. नवरा बाहेरून आला, म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही. दमले."

त्याने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बंद करू या का?" तो म्हणाला.

"करू या."

एवढ्या दोन वाक्यांत ते झालं. त्या शनिवारचे पाहुणे तेवढे येऊन गेले, आणि मग आम्ही ॲपवरच्या कॅलेंडरमधल्या सगळ्या तारखा बंद करून टाकल्या. पुढे खोली अकरा महिन्यांच्या करारावर एका नर्सबाईंना दिली. त्या आणि त्यांची आई असते. आई सकाळी खाली येते आणि बाबांशी भांडते, रेडिओ मोठा लावतात म्हणून. बाबाही भांडतात. मागच्या दगडाची त्यांना आता सवय झालीय, दुपारी सावली असते म्हणतात. कधी पुढे बसतात, कधी मागे. मी विचारत नाही आणि तेही विचारत नाहीत. बांबू अजून चुलत सासऱ्यांकडेच आहेत, आणायचं राहूनच गेलं. कोंबडा तर नणंदेने केव्हाच कापला.

गेल्या दिवाळीनंतर मी आणि नवरा दोन दिवस दापोलीच्या पुढे एका गावी गेलो. लग्नाला बारा वर्षं झाली, कुठे जाणं झालं नव्हतं. त्याच ॲपवरून एक खोली घेतली. घर छान होतं, नारळाची वाडी होती, यजमान तरुण जोडपं होतं. फक्त त्या घरात एक आजीबाई होत्या. दोन्ही दिवस सकाळी सहाला त्यांनी आमचं दार वाजवलं. "चहा घेता काय?" मी दार उघडलं की त्या आत डोकावून, माझ्या नवऱ्याच्या अंगावरच्या चादरीकडे बघून विचारायच्या, "हे उठले नाहीत काय अजून?" दुसऱ्या दिवशी तर त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि मला मूलबाळ का नाही ते विचारलं. मला खरंच राग आला. दोन वर्षांत एकदा मिळालेली झोप होती.

परत आल्यावर ॲपचा मेसेज आला. तुमचा मुक्काम कसा होता? पाठोपाठ त्या यजमान मुलाचा मेसेज. "ताई, रिव्ह्यू टाका ना प्लीज. पाच द्या. आजीचं मनावर घेऊ नका, तिला आम्ही समजावतो."

दवाखान्यात पेशंट नव्हता. मी बराच वेळ फोन धरून बसले. आजींबद्दल काही लिहावं असं वाटत होतं, चांगलं नाही आणि वाईटही नाही, जे होतं ते. पण मी काहीही लिहिलं तरी त्या घरात रविवारी सकाळी कुणीतरी आजींसमोर जाऊन उभं राहणार, हे मला माहीत होतं. मग मी पाच स्टार दिले आणि लिहिलं, घर स्वच्छ आहे, वाडी सुंदर आहे, जेवण उत्तम. मुलाला वेगळा मेसेज केला, "आजींना समजावू नका. फार तर आठ वाजता उठवायला सांगा, आणि ते तुम्ही स्वतः सांगा." त्याने हात जोडल्याची खूण पाठवली. त्याला काय कळलं ते माहीत नाही.

तेवढ्यात आतून पेशंट बाहेर आला, गालावर हात धरून. मी उठले आणि मोबाईल त्याच्यासमोर धरला.